बन खावा भट्टीच्या वेळेला

हाँगकाँगमध्ये चांगला बन खायचा असेल, तर नावाजलेल्या दुकानांची यादी फारशी कामाला येत नाही. गल्लीतल्या बेकरीत शिरून पुढचा ट्रे किती वाजता निघणार, एवढं विचारावं. नावाजलेल्या दुकानातला थंड बन घेण्यापेक्षा साध्या दुकानातला गरम बन घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण बनच्या घडणीतच आहे. इथला सर्वांत लाडका बन म्हणजे ‘बोलो बाउ’, अर्थात अननस बन. त्यात अननस नसतो. वरच्या पिवळ्या, भेगाळलेल्या कवचावरून हे नाव पडलं. मऊ, गोडसर पिठाच्या गोळ्यावर साखर, मैदा, अंडं आणि चरबी किंवा लोणी यांची पातळ चकती ठेवून बन भाजतात. खालचा पाव फुगतो, वरची चकती ताणली जाते आणि तडकते. हे कवच ताज्या नानकटाईसारखं खुसखुशीत लागतं. पण बन निवू लागला की पावातली वाफ कवचात शिरते आणि तासा-दोन तासांत ते मऊ पडून बोटांना चिकटू लागतं. चव तीच राहते, मजा मात्र निघून जाते.

आतला मऊपणा टिकवण्याची एक युक्ती आहे. एक भाग पीठ आणि पाच भाग पाणी ढवळत साधारण ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं. स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो. ही खळ कणकेत मिसळली की पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. तिला ‘तांगझोंग’ म्हणतात. मूळ कल्पना जपानी. तैवानच्या यव्हॉन चेन यांच्या २००७ च्या पुस्तकानंतर ती घरोघरी पोहोचली. पण कवचाला वाचवणारी अशी युक्ती नाही. तिथे भट्टीची वेळच गाठावी लागते.

सकाळची न्याहारी आणि दुपारी तीननंतरचा चहा, या दोन वेळा साधाव्यात. ‘चा चान टेंग’ म्हणजे इथली चहा-नाश्त्याची हॉटेलं. तिथे गरम बोलो बाउ मधोमध चिरून त्यात थंड लोण्याचा जाड काप घालून देतात. माँगकॉकचं ‘काम वाह’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. लोणी वितळायच्या आत खावं, गप्पा नंतर.

बेकरीतल्या दुसऱ्या लाडक्या पदार्थाबाबत, अंड्याच्या टार्टबाबत, गावात दोन तट आहेत. एकाला बिस्किटासारखी भुसभुशीत वाटी आवडते, दुसऱ्याला पापुद्र्यांची. मी पापुद्र्यांच्या बाजूची, कारण त्या घडणीतच कारागिराचा हात कळतो. सेंट्रल भागातल्या ‘ताय चोंग’ची वाटी मात्र बिस्किटाची. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या बेकरीचे टार्ट शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांना फार आवडत. तरीही २००५ मध्ये वाढलेल्या भाड्यामुळे तिला जुनी जागा सोडावी लागली. गरम बनसाठी दुकानातच भट्टी हवी आणि भट्टीला जागा लागते. म्हणून चढ्या भाड्याचा फटका बनलाच बसतो. मध्यवर्ती कारखान्यातून माल आणणारी साखळी दुकानं तगतात. त्यांचे बन वाईट नसतात, पण गरम क्वचितच मिळतात. बोलो बाउ आणि अंड्याचा टार्ट करण्याची कला २०१४ मध्ये सरकारच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली, याचा मला आनंद आहे. त्या यादीने गल्लीतल्या भट्टीचं भाडं मात्र भरलं जात नाही.

वरून काळपट डाग पडलेला टार्ट दिसला तर तो मकावचा. गोव्यासारखीच तिथेही पोर्तुगीज सत्ता होती, ती १९९९ पर्यंत टिकली. तरी आज प्रसिद्ध असलेला हा पोर्तुगीज धाटणीचा टार्ट १९८९ मध्ये कोलोआन गावात अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने सुरू केला.

शाकाहाऱ्यांनी एक प्रश्न आधीच विचारावा: डुकराची चरबी आहे का? जुन्या पद्धतीच्या बनमध्ये, टार्टच्या वाटीत आणि ‘लो पो बेंग’ या सारण भरलेल्या गोड वडीच्या पापुद्र्यांत ती सर्रास असते. लो पो बेंगचं सारण कोहळ्याच्या पाकवलेल्या फोडींचं असतं, त्यामुळे आपल्याला ती चव ओळखीची वाटते. ही वडी दोन-चार दिवस सहज टिकते. घरी न्यायला तीच घ्यावी, बन तिथेच संपवावेत.