ठसका कधीपासून?

सकाळी ६.४५

दिवसाचा पहिला फोन बहुतेक वेळा जेवणाचा असतो. आज वाळव्याची सून. "मॅडम, मामांना शिरा दिला तर चालेल का?" सासऱ्यांच्या गालाचं ऑपरेशन झालंय, लाईटचा, म्हणजे रेडिएशनचा, शेवटचा आठवडा चाललाय. तोंड आतून सोललेलं, लाळ चिकट. शिरा चालेल, पण सैलसर, कोमट, वेलदोडा न घालता. आणि दुखतंय म्हणून गिळणं पार सोडायचं नाही. महिनाभर आराम दिलेला गळा नंतर ऐकत नाही, हे मी सुनेला सांगते. मामांना ती तिच्या पद्धतीने सांगेल.

माझ्या पदवीवर वाचा-उपचारतज्ज्ञ असं लिहिलंय. पेशंटांमध्ये मी 'ठसक्याच्या मॅडम'.

सकाळी ९

मिरज. १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी इथं दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं मिरजेच्या वाटेला लागलेली आहेत. ओपीडीच्या बाकांवर साताऱ्याकडून एसटीने आलेले, जतचे, अथणीकडचे कानडी बोलणारे. गाल, जीभ, हिरडी, घसा. बायकांत मिश्री, पुरुषांत तंबाखू-चुना नाहीतर गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; पुडी कुठे मिळते ते मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तासगावकडचं कुणी असलं की माजी गृहमंत्री आर. आर. आबांचा विषय निघतोच. १६ फेब्रुवारी २०१५ ला आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले, वय ५७. त्या दिवशी त्यांच्या अंजनी गावाच्या पंचक्रोशीत किती जणांनी चंची फेकली आणि त्यातल्या किती जणांनी पुन्हा उचलली, यावर बाकावर अजून वाद होतात.

सकाळी १०

खटावचे आप्पा. सात वर्षांपूर्वी जिभेच्या मुळाशी गाठ होती. ऑपरेशन नाही, लाईट आणि केमो. आठवड्यातले पाच दिवस, सात आठवडे, ७० ग्रे. कर्करोग गेला तो परत आला नाही. आता तक्रार अशी, की जेवायला तास लागतो आणि शर्ट ढगळ व्हायला लागलेत.

"ठसका कधीपासून?"

"आता काय सांगू मॅडम... दोन वर्षं झाली असतील. वाढत वाढत आलंय."

हे उत्तर मी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आप्पांच्या गळ्यावर चार बोटं ठेवते: एक हनुवटीखाली, बाकीची कंठमण्यापर्यंत. पाण्याचा एक चमचा. निरोगी माणसाचा कंठमणी घोटाबरोबर झटक्यात वर जातो. त्याच क्षणी श्वासनलिकेचं दार मिटतं. आप्पांचा जरासा हलतो आणि थांबतो. कातडी वाळलेल्या चामड्यासारखी, बोटाखाली सरकत नाही. लाईटने गाठ जाळली. शेजारचे स्नायूही हळूहळू आखडत गेले. "आता 'आ' म्हणा." आवाज ओला, खळखळणारा. म्हणजे पाणी स्वरतंतूंवर बसलंय आणि आप्पांना खोकला आलेला नाही. अशा वेळी घरचे म्हणतात, "ठसका कमी झाला, म्हणजे बरंच म्हणायचं." बरं नाही. घशाची जाण बोथट झाली की घास गुपचूप फुफ्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया झाल्यावरच कळतं.

मग मी विचारते, काय खाता. "मऊच देतो की," वहिनी म्हणतात, "आमटीत भाकरी कुस्करून." आमच्या भागात आजारी माणसाला हेच देतात, आणि अशा गळ्याला याहून अवघड जेवण नाही. पातळ आमटी पुढे धावते, भाकरीचा चोथा मागे राहतो; गळ्याने एकाच घोटात दोन्ही कसं सांभाळायचं? त्यापेक्षा मिक्सरमधून एकजीव केलेलं, चमच्यावरून धारेने न पडणारं काहीही चालेल: ज्वारीच्या कण्या, दाटसर नाचणीची आंबील, दहीभात. घट्ट करायची पावडर बाजारात मिळते, पण नाचणी स्वस्त आहे. हनुवटी छातीकडे ओढून गिळायचं, जोर लावून, एका घासाला दोनदा. ही युक्ती आप्पांना लागू पडते का, ते मात्र कॅमेऱ्याच्या तपासणीत बघूनच नक्की करायचं. जेवणाआधी आणि नंतर दात, जीभ स्वच्छ. घाणेरड्या तोंडातली लाळ फुफ्फुसात जाणं पाण्याच्या घोटापेक्षा वाईट.

चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिते: मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर. आप्पा बुचकळ्यात. जबड्याखाली बोट दाबलं की जिचे ठोके लागतात ती मेंदूला रक्त नेणारी धमनीही त्याच लाईटच्या वाटेत होती. तिच्या आतलं अस्तर जाड होतं, चरबी साचते, वर्षं गेली की वाट अरुंद होते. नेदरलँड्समधला २००२ सालचा एक अभ्यास आहे: साठीच्या आत मानेला लाईट घेतलेल्यांत पक्षाघाताचं प्रमाण इतरांच्या साडेपाच पटींवर होतं. सगळ्यांचाच डॉपलर करावा का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर पाच वर्षं उलटलेल्या, त्यातून बीपी, साखर नाहीतर तंबाखू असलेल्या पेशंटाचा करावा. गाठ परत आलीय का हे बघायला आपण दर वर्षी बोलावतो. त्याच चकरेत बीपी आणि कोलेस्टेरॉल बघायला किती वेळ लागतो?

आप्पांनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढला. त्यांना स्वतःला पेढा टाळूला चिकटतो. "तुम्ही खा, मी बघतो," म्हणाले.

दुपारी १.४०

डबा उघडला आणि फोन. कोरेगावकडची एक मुलगी; वडिलांच्या गालाचा कर्करोग, लाईट होऊन नऊ वर्षं झालीत. "मॅडम, दादांना ठसका लागतोय. तो व्यायाम परत सुरू करू का?"

"कधीपासून?"

"आत्ता जेवताना. सकाळी चहा नीट प्याले. आता पाणीपण उतरंना, आवाज बसलाय, आणि उठले तर एका बाजूला झोक जातोय."

जेवण किती वाजता? साडेबाराला. त्याआधी एकदम ठीक? एकदम ठीक.

दोन वर्षांत वाढलेला ठसका आणि एका जेवणात आलेला ठसका, हे दोन वेगळे आजार आहेत. मेंदूच्या देठाला रक्त कमी पडलं तर तोंड वाकडं होतंच असं नाही, हात लुळा पडतोच असं नाही. गिळणं जातं, आवाज जातो, तोल जातो. कर्करोगाच्या जुन्या पेशंटात हे सगळं "जुनंच दुखणं" म्हणून खपतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तासाहून जास्त वेळ आधीच गेला होता.

"व्यायाम नाही. पाणी नाही. गोळीसुद्धा नाही. १०८ ला फोन कर, सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात साताऱ्याला जा, आणि पहिलं वाक्य हे सांग: साडेबारापर्यंत ठीक होते."

"भाऊ शेतात गेलाय, तो आला की..."

"भावाला तिकडेच यायला सांग."

दुपारी ३

वॉर्ड. जबडा न उघडणारा एक पोरगा. वय सांगत नाही, सांगवत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. बाकीचा वेळ कागदपत्रांत. जन आरोग्य योजनेचे फॉर्म, फोटो, सह्या.

संध्याकाळी ७.३०

विश्रामबागला घरी पोहोचतेय तोवर कोरेगावच्या मुलीचा फोन. मेंदूच्या देठालाच छोटा झटका. वेळेत पोहोचले, इंजेक्शन मिळालं. डॉक्टर दोन दिवस बघू म्हणतात. नाकात नळी घातलीय.

"दादा चहा मागतायत. चमचाभर देऊ?"

नाही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत एक थेंबही नाही. तिथल्या सिस्टरना विचार, तपासणी उद्या किती वाजता आहे. पाठीला तीस-चाळीस अंशांचा टेका दे. कापूस ओला करून, पिळून, तोंड आतून पुसून घे, दर चार तासांनी. आणि जुन्या लाईटची फाईल घरी असेल ती उद्या भावाला घेऊन यायला सांग. मानेच्या डॉपलरच्या वेळी डॉक्टर ती मागतील.