गाठीचं गणगोत

लंडनचा शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट याचा एक छोटा लेख मार्च १८८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ जणींच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्याने गोळा केल्या होत्या. त्यांपैकी २४१ जणींच्या यकृतात रोग पसरलेला होता आणि प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं. गाठीतून सुटलेल्या पेशी प्रवाहाबरोबर वाहत जाऊन जिथे अडकतील तिथेच रुजत असत्या, तर हा फरक पडलाच नसता. पॅजेटने याचं उत्तर शेतीच्या भाषेत दिलं: बी सगळीकडे उधळलं जातं, उगवतं मात्र मानवणाऱ्या मातीत. त्याच लेखात त्याने स्वतःला नांगरट करणारा गडी म्हणवून घेतलं. बियाण्याचा अभ्यास करणारे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ वेगळे, आपण आपले मातीबद्दल दोन शब्द सांगतोय, असा त्याचा नम्र सूर होता.

पुढची शंभर वर्षं वैद्यकाने त्याची ही नम्रता फारच मनावर घेतली. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स यूइंगने, हा सगळा रक्तवाहिन्यांच्या नळकामाचा मामला आहे, असं मांडलं आणि बराच काळ तेच चाललं. माती मागे पडली, बी मात्र दिवसेंदिवस मोठं होत गेलं.

बियाण्याची कथा सुरू झाली ती एका कोंबडीपासून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउसकडे एका शेतकऱ्याने छातीवर गाठ आलेली प्लिमथ रॉक जातीची कोंबडी आणली. गाठ वाटून, पेशी अडतील अशा गाळणीतून तो रस गाळून राउसने दुसऱ्या कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही गाठी आल्या. विषाणूमुळे कर्करोग होतो हा त्याचा १९११ चा निष्कर्ष पचायला जगाला इतका वेळ लागला, की नोबेल मिळालं १९६६ मध्ये. पुढे १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की त्या विषाणूतलं गाठ करणारं जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशींतूनच उचललेलं आहे. झालं! बिघडलेलं जनुक म्हणजे कर्करोग, हे समीकरण पक्कं झालं.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेलने 'सायन्स'मध्ये एक छोटा लेख लिहिला. गाठ एका पेशीपासून सुरू होते, तिच्या वंशात नवनवे बदल होत राहतात, टिकायला लायक त्या शाखा वाढतात आणि बाकीच्या मागे पडतात. डार्विनने बेटांवरच्या पक्ष्यांना लावला तो न्याय नॉवेलने पोटातल्या गाठीला लावला. पण लायक म्हणजे कशासाठी लायक? निवड करणारं कुणीतरी हवं ना. ते काम भोवतालचं असतं: प्राणवायू किती, रक्त किती, शेजारी पेशी कोणत्या, प्रतिकारशक्तीचा पहारा कसा. पॅजेटची माती आणि नॉवेलची उत्क्रांती या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं आज सहज म्हणता येतं. तेव्हा मात्र ही दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

त्यांची बोलणी करून दिली तीही राउसच्याच विषाणूने, हा मला या इतिहासातला सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. मूळच्या इराणच्या मीना बिसेल कॅलिफोर्नियात बर्कलीला काम करत होत्या. विषाणू कोंबडीच्या एका पंखात टोचला, की तिथे गाठ येते. मग रक्तातून सगळीकडे फिरणारा विषाणू दुसऱ्या पंखात गाठ का करत नाही? त्यांच्या गटाने दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली. गाठ आली, आणि ती नेमकी जखमेच्या जागी. त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी हाच विषाणू अंड्यातल्या गर्भाला टोचला होता. तो पेशींत शिरला, त्याचं जनुकही चालू झालं, पण गाठ काही आली नाही. त्याच पेशी गर्भातून काढून काचेच्या बशीत वाढवल्या, की त्या बिघडायच्या. म्हणजे बी तेच आणि जनुकही तेच. फरक होता तो भोवतालाचा. वाढत्या गर्भाच्या शिस्तीत ते जनुक चालू असूनही गाठ करत नव्हतं आणि जखम भरण्याच्या धामधुमीत त्याला मोकळं रान मिळत होतं. बॉस्टनच्या हॅरॉल्ड ड्व्होराकने १९८६ मध्ये गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटलं, ते याच धाग्याला धरून.

बी सोडून भोवतालावरच घाव घालायचा विचारही झाला होता: रक्तवाहिन्या रोखून गाठ उपाशी मारायची जुडा फोकमनची कल्पना १९७१ ची. तिच्यातून २००४ मध्ये बेव्हॅसिझुमॅब हे औषध आलं, पण जितका गाजावाजा झाला तितका गुण आला नाही. एक वाट बंद केली, की गाठी दुसरी शोधत.

मातीचा धडा आपल्याकडे मात्र फार आधीपासून डोळ्यांसमोर होता. १९५२ मध्ये श्वार्ट्झने पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हटलं. सुपारी, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा खाणाऱ्यांना आधी तिखट झोंबायला लागतं. मग गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ होते. तोंड तीन बोटांवरून दोन बोटांवर येतं, मग एक बोटही मुश्किलीने जातं. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्ट पेशींना जादा कोलॅजेन विणायला लावतं आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते धागे आणखी घट्ट जखडले जातात. कर्करोगाचा अजून पत्ता नसतो, पण त्याची जमीन तयार व्हायला लागलेली असते. एर्नाकुलममध्ये अशा ६६ जणांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, त्यात पाच जणांना कर्करोग झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. ती पानटपरीवर किती दिसते हे वाचकांना ठाऊक आहे. सुपारी सोडली, तरी आखडलेलं तोंड सहसा आपोआप मोकळं होत नाही.

इकडे बियाण्याचं समीकरणही डळमळायला लागलं होतं. २०१२ मध्येच लंडनच्या चार्ल्स स्वान्टन यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या एकेका गाठीचे अनेक ठिकाणचे तुकडे तपासले. जवळजवळ दोन तृतीयांश जनुकीय बदल सगळ्या तुकड्यांत सापडलेच नाहीत. एका सुईच्या नमुन्यावरून अख्ख्या गाठीचा निकाल लावायच्या पद्धतीला हा चांगलाच हादरा होता. त्याहून चक्रावणारं २०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतून आलं. पापण्या कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेली चार जणांची निरोगी कातडी त्यांनी वाचून काढली. तिच्यातल्या साधारण चौथाई पेशींत कर्करोगाला पुढे रेटणारे बदल आधीच बसलेले होते आणि तरी कातडी ठणठणीत! बिघडलेलं जनुक म्हणजे कर्करोग हे समीकरण पापणीवरच अडखळलं.

मग औषध कसं द्यायचं? आजवरचा रिवाज सोसवेल तेवढी मोठी मात्रा देऊन गाठ साफ करण्याचा. फ्लोरिडातल्या मॉफिट केंद्राचे रॉबर्ट गेटनबी मूळचे रेडिऑलॉजिस्ट. त्यांनी २००९ मध्ये उलटा प्रश्न विचारला. मोठ्या माऱ्यात औषधाला बळी पडणाऱ्या पेशी मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. तर बळी पडणाऱ्या थोड्या मुद्दाम राखल्या तर? कोबीवरच्या पतंगाने एकेक करून सगळी कीटकनाशकं पचवली, हा दाखला त्यांनीच दिला होता. आपल्याकडच्या कापूसवाल्याला तो समजावून सांगायला नको. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं याचसाठी यायचं. बांधाला ते लावायचे कष्ट पुष्कळांनी घेतले नाहीत, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. पेशींत पतंगांसारखा संकर होत नाही, त्यामुळे हिशोब तंतोतंत तोच नाही. पण सगळं मारायला गेलं की चिवट तेवढं उरतं, हे दोन्हीकडे खरं.

गेटनबींच्या गटाने २०१७ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या ११ पुरुषांचा अहवाल दिला. रक्तातलं पीएसए हे प्रथिन निम्म्यावर आलं की अबिराटेरॉन हे औषध थांबवायचं, पुन्हा मूळ पातळीवर चढलं की सुरू करायचं. रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ २७ महिन्यांच्या खाली आला नाही आणि औषध नेहमीच्या निम्म्याहून कमी लागलं. अकरा माणसं म्हणजे काही पुरावा नव्हे. पण गाठ संपवण्यापेक्षा तिला ताब्यात ठेवणं बरं, असं एखाद्या डॉक्टरने रुग्णाला समोर बसून सांगणं किती अवघड, याचीही कल्पना करून पाहावी.

परळच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेली एक चाचणी मात्र मोठी होती. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या दीडहजारांहून अधिक रुग्णांवर ती केली. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, एवढंच. भूल देण्याचं ते जुनं, स्वस्त औषध. कल्पना अशी, की चाकू लागताच गाठीचा शेजार ढवळला जातो आणि पेशींना पळून जायची संधी मिळते, तर तो शेजारच आधी सुन्न करावा. २०२३ मध्ये छापलेल्या निकालांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं होतं. तुलनेच्या गटाला मात्र काहीच टोचलं नव्हतं. त्यामुळे नुसतं खारं पाणी टोचलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर या चाचणीत नाही, आणि कुठल्या औषध कंपनीला ते शोधण्यात नफाही नाही.