दुसरे कुलूप आणि पहिली नोटीस

कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या बाजारात एखाद्या शटरवर दोन कुलपे दिसली की समजावे, मालक आणि भाडेकरूचे फाटले आहे. एक कुलूप भाडेकरूचे, दुसरे मालकाच्या माणसाने वरून ठोकलेले. मालक बहुधा संभाजीनगरला, नाहीतर पुण्याला. भाडे गोळा करणारा भाचा किंवा पगारी माणूस गावात, आणि त्याचे सल्लागार चहाच्या टपरीवर.

ते दुसरे कुलूप हाच सर्वात महागडा गैरसमज. भाडे कितीही थकलेले असो, कोर्टाच्या हुकुमाशिवाय ताबा घेता येत नाही. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. म्हणजे जागा तुमची आणि निकाल त्याच्या बाजूने. वीज-पाणी तोडण्याची युक्तीही अशीच अंगाशी येते. पोलिस ठाण्यात अर्ज देऊन गाळा खाली होईल, हीसुद्धा भाबडी आशा. ते त्यांचे काम नव्हे.

मग कायदा कोणता? ‘भाडे नियंत्रण कायदा’ असे सगळेच म्हणतात. तो 1999 चा, 31 मार्च 2000 पासून अमलात आलेला. मराठवाड्यात त्याआधी हैदराबादचा 1954 चा कायदा होता. पण हा कायदा परिशिष्टांत दिलेल्या शहरांना आणि क्षेत्रांनाच लागतो. ग्रामपंचायतीचे गाव त्यात गृहीत धरू नये, वकिलाकडून यादी तपासून घ्यावी. यादीत नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात महिन्याच्या भाडेपट्ट्याला, करारात वेगळे ठरले नसेल तर, पंधरा दिवसांची नोटीस पुरते. भाडे नियंत्रणाखाली मात्र थकबाकीची लेखी मागणी पोचल्यावर नव्वद दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही. चुकीच्या कायद्याची नोटीस धाडली, तर पुढची वर्षे त्याच वादात जातात. लोक दोष तारखांना देतात. माझ्या मते निम्मा उशीर पहिल्या नोटिशीतच पेरलेला असतो.

‘भाडेकरू ठेवला की कूळ लागते’ ही भीती तर घरोघरी. कूळ कायदा शेतजमिनीचा आहे. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कायदा. बटाईने दिलेल्या वावराचा वाद तहसीलदारापुढे जातो आणि वर महसूल न्यायाधिकरणापर्यंत चढतो. गाळ्याचा किंवा घराचा दावा दिवाणी न्यायालयात, म्हणजे कन्नडला. केंद्राने 2021 साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला आणि त्यातल्या साठ दिवसांच्या निकालाचे संदेश मोबाइलवर फिरू लागले. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा इथे उपयोग नाही. बारा वर्षांनी भाडेकरू मालक होतो, हेही खरे नाही. तो मालकाच्या परवानगीने बसलेला असतो, आणि भाडेकरू असेपर्यंत त्याला मालकी नाकारता येत नाही.

नोटीस घेतलीच नाही तर? बरोबर पत्त्यावर गेलेल्या नोंदणी टपालावर ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा असला, तरी ती पोचली असेच कोर्ट सामान्यतः धरते. खरा घोळ पुढे होतो. मुदत संपते, भाडेकरू फोनपेवर नेहमीचे भाडे टाकतो आणि मालकाचा गाळा सांभाळणारा माणूस मुकाट ठेवून घेतो. मग नोटीस सोडून दिली, असा बचाव उभा राहतो. पैसे घ्यायचे तर लेखी कळवावे: ‘वापराची नुकसानभरपाई म्हणून, हक्क राखून’.

सांभाळणाऱ्याने आणखी एक गोष्ट ओळखावी. 1999 च्या कायद्यात भाडे घेणारा बऱ्याच कामांसाठी ‘मालक’ ठरतो, पण मालकाला स्वतःला जागेची गरज आहे या कारणासाठी नाही. तिथे खऱ्या मालकाचीच गरज पाहिली जाते. मुखत्यारपत्र आहे म्हणून मालकाच्या वैयक्तिक माहितीतली गोष्ट तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून सांगू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी खटल्यात 2004 साली स्पष्ट केले. म्हणून मुलाला दुकान काढून द्यायचे असेल, तर पुण्याच्या मालकाने उलटतपासणीला कन्नड गाठावे हेच बरे. ‘साहेबांना सुटी नाही’ म्हणून मागितलेली तारीख मालकाच्याच खात्यावर पडते.

तारखांवरही उपाय नाहीतच असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार एका पक्षाला तीनहून जास्त तहकुब्या देऊ नयेत. प्रत्यक्षात त्या मिळतात, कारण समोरचा हरकतच घेत नाही. त्याहून कामाचा आहे मुंबई उच्च न्यायालयाने त्याच संहितेत घातलेला आदेश 15-अ. दावा चालू असताना भाडेकरूने कोर्टात भाडे भरत राहावे, नाहीतर त्याचा बचाव काढून टाकता येतो. यासाठी पहिल्या तारखांतच अर्ज द्यावा. अपिलात स्थगिती मिळाली, तरी बाजारभावाने रक्कम भरण्याची अट घालता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या आत्मा राम प्रॉपर्टीज निकालाने ती वाट मोकळी केली आहे.

आणि हुकूमनामा झाला म्हणजे किल्ली हातात आली असे नाही. भाडेकरूने आपणहून जागा सोडली नाही, तर अंमलबजावणीची दरखास्त वेगळी लावावी लागते. ती सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले आहे. शेवटी बेलिफ येतो, पंचांसमोर आतल्या मालाची यादी होते आणि शटर उघडते. त्या दिवशी मालकाच्या माणसाने तिथे हजर असावे, कोरे कुलूप घेऊन.