हात हलतो, की समोरचं जग?

गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घरात पस्तीस वर्षांचा हौशी छायाचित्रकार असताना बाहेरचा माणूस कशाला, हा आमच्याकडचा जुना रिवाज. त्यामुळे फोटो अर्थातच मी काढले. रात्री संगणकावर ते पाहायला बसलो आणि आधी वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असावा. कलशाची कड दुहेरी, समईची ज्योत पुसट, भटजींच्या मागच्या दाराची चौकट दोन-दोनदा काढल्यासारखी. चष्मा पुसून पाहिला. चष्म्याचा दोष नव्हता. फोटो हलले होते. एक-दोन नव्हे, चांगले निम्मे.

फोटो हलणं ही काही जगबुडी नव्हे. पण मी चित्रकलेचा मास्तर. कंपास न घेता फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढायचं आणि मुलांनी ‘आ’ वासून पाहायचं, यावर नोकरीची तीस वर्षं काढली. कॅमेऱ्याच्या बाबतीतही तोच माज. कोपरं बरगड्यांना टेकवायची, अर्धा श्वास सोडायचा, खांदा भिंतीला लावायचा आणि दुधावरची साय काढावी तसं हलक्या हातानं बटण दाबायचं. इतरांना ट्रायपॉड लागेल तिथे मी हातानं फोटो काढी आणि वर ते सांगतही असे.

दुसऱ्या दिवशी कागदावर वर्तुळ काढून पाहिलं. वर्तुळ पुरं झालं, पण त्याची कड करवतीसारखी आली. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, कप उचलायला लावला आणि ‘एसेन्शियल ट्रेमर’ असं नाव सांगितलं. जिवाला धोका नाही. हात मांडीवर असताना शांत राहील, काही धरायला गेला की थरथरेल आणि वयाबरोबर हे थोडं वाढूही शकेल. मी विचारलं, “कॅमेरा?” ते म्हणाले, “चहा अजून सांडत नाही ना? मग कॅमेराही चालेल.”

चहा आणि फोटो यांत फरक असतो, हे त्यांना कोण सांगणार!

पुतण्यानं मात्र लगेच तोड काढली. “काका, स्टॅबिलायझरची लेन्स घ्या. हात हलला तरी फोटो हलत नाही.” त्यानं इतक्या सहज सांगितलेल्या गोष्टीवर मी पुढे चार महिने विचार करत होतो. आपल्यापैकी अनेकांवर अशी वेळ येते. वस्तू चांगली आहे हे पटलेलं असतं, पण ती आपल्याला हवी आहे का, हे ठरत नसतं. म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

आधी थोडं तंत्र. हात हलतो म्हणजे कॅमेरा अगदी लहानशा कोनातून फिरतो. त्याचा चित्रावर होणारा परिणाम भिंगाच्या फोकल लेंग्थप्रमाणे वाढतो. २८० मिलिमीटरच्या दूरच्या भिंगात जी थरथर दिसते, तिचा दहावा हिस्साच २८ मिलिमीटरच्या रुंद भिंगात दिसतो. यावरूनच फिल्मच्या काळात एक अडाखा रूढ झाला. भिंग जितक्या मिलिमीटरचं, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून शटर मंद ठेवू नये. २८ मिलिमीटरला एक तीसांश सेकंद चालतो, ३०० ला एक तीनशेअंश लागतो.

कंपरोधक भिंगात बारीक जायरो सेन्सर असतात. कॅमेरा कुठल्या दिशेला आणि किती वेगानं हलतो आहे, हे ते ओळखतात आणि आतला काचांचा एक संच उलट दिशेला सरकवून पडणारी प्रतिमा जागच्या जागी धरून ठेवतात. एसएलआर कॅमेऱ्यासाठी असं पहिलं भिंग कॅननने १९९५ मध्ये आणलं. ते ७५ ते ३०० मिलिमीटरचं झूम होतं. गरज लांबच्या भिंगांनाच होती, त्यामुळे सोय तिकडे आधी पोचली. रुंद भिंगांना, त्यातही झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंग्थच्या प्राइम भिंगांना असल्या लाडांची गरज नाही, असंच आम्ही मानत होतो.

२०१२ मध्ये कॅननने २४, २८ आणि ३५ मिलिमीटरची आपली जुनी प्राइम भिंगं नव्यानं काढली आणि तिन्हींत स्टॅबिलायझर बसवला. चार पायऱ्यांचा लाभ, असा कंपनीचा दावा. म्हणजे एक तीसांशावरून पंधरांश, अष्टमांश, पाव आणि शेवटी अर्धा सेकंद! २८ मिलिमीटरच्या भिंगाची अमेरिकेतली किंमत तेव्हा ८०० डॉलरच्या घरात होती. ती ऐकून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. त्यांत मीही होतो. माझ्याकडे त्याच जातीचं जुनं २८ मिलिमीटर एफ २.८ होतं, १९९४ साली मुंबईच्या बोरा बाजारात जुनंच घेतलेलं. माझ्या हाताला स्टॅबिलायझर कशाला हवा, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो. तोंडचे शब्द असे वर्षांनी व्याजासकट परत येतात.

आज पर्यायही वाढलेत. कॅमेऱ्याच्या पोटातलं सेन्सरच हलवून थरथर सावरणारे कॅमेरे आहेत. त्यावर कुठलंही जुनं भिंग लावा, तेही स्थिर होतं. कॅननने २०१८ मध्ये मिररलेसची आरएफ मालिका सुरू केली आणि कंपनीचा सगळा भर तिकडे गेला. पुतण्याचं पुढचं म्हणणं होतं, “भिंग कशाला, कॅमेराच बदला.” पण माझा २० मेगापिक्सेलचा ६डी धडधाकट आहे आणि पेन्शन आहे तेवढीच आहे. शिवाय जुन्या घाटाची भिंगं अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यांवर चालतात, स्टॅबिलायझरसकट. तेव्हा भिंगावर घातलेला पैसा अगदीच बुडीत जाणार नव्हता.

शेवटी वाद घालण्यापेक्षा करून पाहावं, असं ठरवलं. पुण्यात हल्ली भिंगं दिवसाच्या भाड्यानं मिळतात. २८ मिलिमीटरचं कंपरोधक भिंग दोन दिवसांसाठी आणलं. पहिला दिवस कार्ल्याच्या लेण्यासाठी, दुसरा वाईच्या मामीच्या वाड्यासाठी.

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आत चांगलाच अंधार असतो. स्तंभांवर हत्ती आणि हत्तींवर आरूढ जोडपी, वर कमानीला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आणि टोकाला स्तूप, त्यावरही लाकडी छत्र. ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते. तेव्हा हात आणि कॅमेरा, एवढंच भांडवल.

इथे भिंग पूर्ण उघडून, म्हणजे एफ २.८ वर, काम भागत नाही. मागचा स्तूप आणि कमान नीट ठेवायची, तर साधारण पंधरा फुटांच्या अलीकडचं सगळं मऊ होतं. एफ ८ वर आणलं, तर साडेपाच फुटांवरच्या स्तंभापासून शेवटच्या स्तूपापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण उजेड तीन पायऱ्यांनी घटतो आणि एक तीसांशाच्या जागी पाव सेकंद लागतो. आयएसओ वाढवून हे भरून काढता येतं, नाही असं नाही. पण मग चित्रात दाणे वाढतात आणि त्या लाकडाचे रेषे, जे टिपायला इतका डोंगर चढून यायचं, तेच त्यात बुडतात.

मी मास्तरी पद्धतीनं परीक्षा घेतली. आधी जुन्या भिंगानं एक तीसांशावर दहा फोटो काढले. त्यांतले तीनच स्थिर आले. तरुणपणी दहाच्या दहा आले असते. मग नवं भिंग लावलं, एफ ८, पाव सेकंद. बटण अर्धं दाबलं की आत बारीक घरघर होते. रुंद भिंग असल्यानं डोळ्याला मात्र फारसा फरक दिसत नाही. दहांपैकी सात फोटो स्थिर आले. अर्ध्या सेकंदावर चार. घरी येऊन ते मोठे करून पाहिले, तेव्हा फासळीच्या लाकडाची एक भेग टोकापासून टोकापर्यंत दिसत होती. खरं सांगतो, घसा दाटून आला. काल-परवापर्यंत ही गोष्ट मी माझ्या हातानं करत होतो. आज ती एका मोटरीनं करून दिली होती, आणि तिचे उपकार मानावेत की राग धरावा, हे कळत नव्हतं.

सौभाग्यवतींनी मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, चष्मा लावता तेव्हा डोळ्यांचा राग येतो का?”

दुसऱ्या दिवशी वाईला गेलो. मामाचा वाडा दिवाळीनंतर पडणार होता. जागेवर इमारत होणार आणि मामीला त्यात दोन खोल्या मिळणार. माजघर, ओटी, देवघर, कडीपाटाचं छत, चौकातून तिरपा येणारा उजेड, हे सगळं जाण्यापूर्वी टिपून ठेवायचं होतं. इथे मला अडवणारं कुणी नव्हतं. ट्रायपॉड उभा केला, स्टॅबिलायझर बंद केला, एफ ११ आणि चार सेकंद. मग त्याच जागेवरून जुन्या भिंगानं तोच फोटो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. कोपऱ्यांत जरासा फरक होता, तोही शोधायला बसलं तर. म्हणजे जिथे तीन पाय रोवायला जागा आहे, तिथे या भिंगाचा मला काहीच उपयोग नव्हता.

मग मामी. वय चौऱ्याऐंशी. खांबाला टेकून वाती वळत बसली होती. वाडा पडायचाय म्हणून वाती काही थांबत नाहीत. ट्रायपॉड दिसला की ती पदर सावरून ताठ बसते, म्हणून हातानंच फोटो घेतले. नवं भिंग, एक अष्टमांश. खांब स्वच्छ, मागचा कोनाडा स्वच्छ, मामीचा चेहराही बराच स्वच्छ, पण हात? नुसता धूर. स्टॅबिलायझर माझा हात सावरत होता, तिचा नव्हे. मग जुनं भिंग लावलं, छिद्र पूर्ण उघडलं, आयएसओ ६४०० केला, तेव्हा शटर एक शे-पंचवीसांशापर्यंत पोचलं. हात थांबले, वातीचा पीळसुद्धा आला आणि इतक्या वेगात माझी थरथरही कुठे दिसेना. दाणे आले, पण चेहऱ्याला दाणे चालतात. या फोटोसाठी एक पैसाही खर्च करायची गरज नव्हती.

भिंग परत केलं आणि वही काढून बसलो. ठेवण्यासारखे वाटलेले तीन वर्षांतले फोटो मोजले. दर चारांत तीन माणसांचे निघाले: लग्नं, बाजार, नातवंडं. त्यांना हवं उघडं छिद्र आणि जलद शटर. ती सोय जुन्या भिंगात आहेच. उरलेले दगडाचे आणि लाकडाचे, लेण्यांतले आणि देवळांतले, जिथे समोरचं काही हलत नाही आणि तीन पाय टेकू देत नाहीत. कंपरोधक रुंद भिंगाचं खरं राज्य एवढंच. लहान आहे, पण त्या राज्यात दुसरं कुणी त्याच्या कामाला येत नाही. आणि माझी थरथर पुढे वाढणारच आहे.

तेव्हा एक झूम धूळ खात पडलं होतं ते विकलं आणि २८ मिलिमीटरचं कंपरोधक भिंग जुन्या बाजारातूनच घेतलं. ३५ चं एका पायरीनं जास्त उजेड घेतं, पण लेण्यात मागे सरकायला जागा नसते. २४ ची माझ्या नजरेला सवय नाही. तिन्ही घ्या म्हणणाऱ्या मित्रांना मी विचारतो, तुमच्या चित्रात हलतं कोण? तुम्ही हलत असाल आणि समोरचं स्थिर असेल, तर खुशाल पैसे घाला. समोरचं हलत असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि आयएसओ वाढवा. आणि दोन्ही स्थिर असतील, तर घरातला ट्रायपॉड झटकून घ्या.

जुनं भिंग विकायला गेलो नाही. त्याला आता कोण काय देणार, हे एक कारण. दुसरं सांगत नाही.

वाडा पडला. मामी सध्या भाड्याच्या घरात आहे. परवा वाईला गेलो, तेव्हा दोन्ही फोटो छापून नेले, हात थांबलेला आणि हात हललेला. तिनं दुसराच उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

“हे हात हललेत ते कुणाचे रे बाळू, तुझे की माझे?”

“तुमचे, मामी.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली आणि फोटो देवांशेजारी उभा करून ठेवला.