यादीत नसलेला प्रश्न

भिंत उभी राहिल्यावर दार हलवायला सांगितले, तर गवंडी कपाळाला हात लावतो. तेच दार नकाशावर असेल तर खोडरबराने हलते. संगणकप्रणालीचेही असेच आहे. प्रोग्रॅम लिहिण्याआधी तिचा आराखडा चौकटी आणि बाणांच्या आकृत्यांनी काढतात. चूक तिथेच सापडली तर स्वस्तात निस्तरते. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली असे आराखडे चारचौघांनी शिस्तीने तपासण्याची पद्धत मांडली. तपासताना हाती प्रश्नांची यादी असते. तिला चेकलिस्ट म्हणतात.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांना अशी यादी परकी नाही. सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्त सांभाळले का, काफिया जुळला का, हे नवशिक्यालाही पाहता येते. पण सगळी उत्तरे ‘होय’ आली म्हणजे शेर जमलाच असे नाही.

समजा, जालना-पुणे बसच्या आरक्षणाची आकृती समोर आहे. प्रवासी, आरक्षण, बँक अशा तीन चौकटी. यादी विचारते : प्रत्येक चौकटीला नाव आहे? बाणाला दिशा आहे? एका आकृतीतले नाव दुसरीतही तेच आहे? सगळे ठीक. पण बँकेने पैसे कापले आणि त्याच क्षणी संपर्क तुटला, तर? त्यासाठी बाणच काढलेला नाही! काढलेले चुकले तर दिसते. काढायचे राहिले ते दिसत नाही. आजारी आईला घेऊन स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या जागी स्वतःला ठेवून आकृती वाचली, की ती उणीव लक्षात येते.

मग यादी टाकून द्यावी का? जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून यूएमएल नावाच्या पद्धतीच्या आकृत्या दोन्ही रीतींनी तपासून घेतल्या. २००२ साली निष्कर्ष आले : दोष सापडण्यात विशेष फरक नव्हता, भूमिका घेऊन वाचणाऱ्यांना वेळ मात्र कमी लागला. म्हणजे यादी कुचकामी नाही. ती पुरेशी नाही, इतकेच.

शस्त्रक्रियेच्या यादीची कथाही हेच सांगते. तिच्यामागचे डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरातले. आठ शहरांतील रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधील अभ्यासात लक्षणीय घट आढळली नाही. यादी हाती असणे निराळे आणि थांबून प्रश्न विचारणे निराळे.

आपल्या जिल्ह्यातून पुण्याच्या संगणक कंपन्यांत गेलेल्या मुलामुलींना मी एवढेच सांगेन : खुणा करण्याची घाई करू नका. तपासणीतून निसटलेली प्रत्येक चूक पुढच्या यादीत प्रश्न म्हणून लिहा. आणि यादी संपली, की एकदा त्या प्रवाशाच्या रांगेत उभे राहून आकृती पुन्हा वाचा.