पापड लाटायला या!

पुण्या-मुंबईकडे हल्ली मातीकाम, वारली चित्रे, उकडीचे मोदक अशा एकदिवसीय कार्यशाळा भरतात. शुल्क भरायचे, दोन-तीन तास हाताने काही करायचे. कित्येकजण तेथे कला शिकण्यापेक्षा माणसे भेटावीत म्हणूनच जातात, हे ऐकून मला प्रथम हसू आले. ओळखीला पैसे कसले? पण गेल्या वर्षी या महाविद्यालयात आलो तेव्हा दोन महिने बाकावरच्या शेजाऱ्याचे आडनावापलीकडे काही मला ठाऊक नव्हते. त्याची आठवण झाली आणि हसू ओसरले.

हाताला काम असले की ओळख का होते, हे उडदाच्या पापडावरून चांगले समजते. उडदाच्या पिठात पापडखार, हिंग, मिरी घालून ते घट्ट भिजवतात आणि तेलाचा हात लावून कुटतात. मग लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या. खरी घाई येथून पुढे. लाटी उघडी राहिली की वाळते आणि पापडाच्या कडा चिरतात. किलोभर पिठाचे ऐंशी-शंभर पापड एकटी बाई कसे उरकणार? म्हणून शेजारणींना हाक मारावीच लागते. त्या पोळपाट-लाटणे काखोटीला मारून येतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.

यात नवख्यालाही जागा असते. काहीच येत नसेल त्याने लाटलेले पापड नेऊन चादरीवर पसरायचे. लहानपणी ते काम माझे. मजुरी म्हणून तेलात बुडवलेली कच्ची लाटी! पुढे लाटणे हाती आले. पापडाचा नकाशा झाला की सगळ्या हसत, पण शेजारी बसलेली मावशी लाटणे कसे फिरवायचे तेही दाखवी. नजर पोळपाटावर असल्याने गप्प बसले तरी अवघडत नाही, आणि एरवी ओठांवर न येणारे सहज बोलले जाते. मला कॉलेजात घालायचे की कामाला लावायचे, ही काळजी आईने प्रथम बोलून दाखवली ती घरात नव्हे, अशाच एका दुपारी शेजारणींत.

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची ‘लिज्जत’. आता तेथल्या भगिनी केंद्रातून पीठ घेऊन जातात आणि आपापल्या घरी लाटतात. मिळकतीच्या दृष्टीने ते सोयीचेच. गच्चीवरच्या गप्पा मात्र त्यात राहिल्या नसाव्यात.

कार्यशाळेतही हीच गोम आहे. प्रत्येकापुढे वेगळे टेबल आणि मोजून ठेवलेले साहित्य असले, तर अवाक्षर न बोलता काम करून घरी जाता येते. यंदा जानेवारीत आम्ही वर्गातल्या दहाजणांनी वसतिगृहाच्या गच्चीवर पापड केले, तेव्हा दोघांत एकच पोळपाट ठेवला. माझ्या वाट्याला बाकावरचा तोच शेजारी आला. पहिले चार पापड त्याने फाडले. पाचवा उचलताना मी तेलात बुडवलेली लाटी त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, “अरे, हे कच्चेच खातात?”