दिवा हुकमाचा की सांध्याचा?

पांढरकवड्याजवळच्या पिंपळखुटी स्थानकात असो वा मुंबईत, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती सांध्यामुळे. त्याचे सरकते रूळ कोणत्या बाजूला आहेत, हे स्टेशनमास्तरांना दिव्यांवरून कळते. खेळातल्या रेल्वेलाही असे दिवे लावता येतील.

पुष्कळ विद्यार्थी दिवा सांधा फिरवणाऱ्या बटणालाच जोडतात. येथेच चूक होते! खडा अडकून रूळ सरकले नाहीत, तरी दिवा लागतो. तो हुकूम दाखवतो, सांधा नव्हे.

म्हणून सरकत्या रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक मायक्रोस्विच असा बसवा, की रूळ पूर्ण सरकल्यावरच तो दाबला जाईल. ९ व्होल्ट बॅटरीच्या धन टोकाला ४७० ओहमचा रोध जोडा. तेथून दोन फाटे काढा. प्रत्येक फाट्यात एक स्विच व एक एलईडी असावा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला ठेवा. सरळ मार्गाला हिरवा, वळणाला पिवळा. प्रवाह सुमारे १५ मिलिअँपिअर असेल.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे सिग्नल सरळ मार्गाचा होता, सांधा मात्र बाजूच्या रुळाकडे वळलेला होता. सिग्नलच्या तारांची जोडणी चुकली होती. २९० हून अधिक माणसे दगावली.

तेव्हा जोडणी झाल्यावर सांध्यात मुद्दाम काडी अडकवा आणि बटण दाबा. दोन्ही दिवे विझलेले राहिले, तरच तुमची जोडणी बरोबर!